कोपऱ्यातल्या मशीनचं नाव

काकांच्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर रोज सकाळी एक डाग असायचा. बरोबर मधोमध, तेलकट, नाण्याएवढा. बाकीच्या पडद्यांवर बोटांचे डाग असत, चहाचे शिंतोडे असत. असा मधला डाग फक्त काकांच्या. मी तो ओल्या फडक्याने पुसायची आणि दुसऱ्या दिवशी तो परत तिथेच. तो नाकाचा डाग आहे हे कळायला मला तीन महिने लागले.

ठाण्याला नौपाड्यात एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर ते ऑफिस होतं. लग्नपत्रिका, शाळांच्या स्मरणिका, दिवाळी अंक, असलं सगळं तिथे कॉम्प्युटरवर जुळवून छापखान्यात पाठवत. मी झाडू, लादी आणि चहा करायची. काका तिथले कॉम्प्युटर सांभाळायचे. ते कोणाचेच काका नव्हते. वय साठीला टेकलेलं, लग्न केलेलं नाही, डोंबिवलीला मोठ्या बहिणीकडे राहायचे. ऑफिसात लाकडी पोटमाळा होता, त्यावर त्यांचं टेबल. जिन्याला चौदा पायऱ्या. चढताना त्यांचे ओठ हलायचे. मला वाटायचं नाव घेतात देवाचं.

त्यांचं एक वेड होतं. नुसतं 'कॉम्प्युटर' म्हटलेलं त्यांना चालत नसे. खालून टायपिंगच्या बाई हाक मारायच्या, "काका, कॉम्प्युटर अडकलाय."

"कोण?"

"अहो, माझा."

"तुमचं नाव मला माहीत आहे. त्याचं सांगा."

"काका, आज आठ पानं जायचीत हो."

"मग लवकर सांगा."

बाई चडफडत उठायच्या, कॉम्प्युटरच्या डब्याच्या मागे वाकायच्या आणि तिथली चिठ्ठी वाचायच्या. "वाशिंद."

"चिठ्ठी वाचलीत?"

"हो. मग?"

"चिठ्ठी माणसं लावतात. मशीनला विचारा."

बाई माझ्याकडे बघून कपाळावर हात मारायच्या. मी मान खाली घालून लादी पुसत राहायची.

पण काकांचं म्हणणं खोटं नव्हतं, हे मला पुढे कळलं. प्रत्येक कॉम्प्युटरच्या पोटात त्याचं एक नाव लिहिलेलं असतं. ऑफिसातले सगळे कॉम्प्युटर एका तारेत ओवलेले असतात आणि ते एकमेकांना त्या नावानेच हाक मारतात. काका वर बसून खालच्या कुठल्याही मशीनमध्ये शिरायचे ते त्या नावाने. नाव चुकलं की दुसऱ्याच्या घरात शिरल्यासारखं.

ही नावं त्यांनीच ठेवली होती. कल्याणच्या पुढे कसाऱ्याकडे जाताना जी स्टेशनं लागतात त्यांची. शहाड, आंबिवली, टिटवाळा, खडवली, वाशिंद, आसनगाव आणि कसारा. मधली काही त्यांनी गाळली होती, कारण मशिनंच सात होती. मालकांनी एकदा विचारलं, "ही कसली नावं काका? जरा बरी ठेवायची."

काका म्हणाले, "देवांची ठेवली तर भांडणं होतात. फुलांची ठेवली तर लोक हसतात. स्टेशनं बरी. एकापुढे एक लागतात आणि कोणाच्या मालकीची नसतात."

कसारा जिन्याखाली असायचा. त्याला कोणी हात लावत नसे. रोज संध्याकाळी बाकीच्या मशिनांमधल्या एका ठरावीक कप्प्यातल्या कामाची एक प्रत आपोआप त्याच्यात जाऊन बसायची. "शेवटी सगळं कसाऱ्याला जातं," काका म्हणायचे.

माझं नाव त्यांनी पहिल्या दिवशी ऐकून घेतलं, आणि विचारलं, "येतेस कुठून?"

"खडवलीहून."

"खडवली आहे आपल्याकडे. खिडकीपाशी, पांढरं. ते पुसताना जरा जपून."

त्या दिवसापासून मी खडवली. मला ते बरं वाटलं. मी माणसांत बुजते. कोणी नावाने हाक मारली आणि चार जणांनी वळून बघितलं की माझे कान तापतात. 'खडवली' म्हटलं की लोक खिडकीकडे बघायचे.

काकांच्या हट्टाचा एक किस्सा ऑफिसात नेहमी सांगत. टिटवाळा आणि खडवली ही दोन मॅक होती, चित्रं आणि मुखपृष्ठं करायला. टिटवाळ्यावर बसणाऱ्या पोरगेल्या आर्टिस्टने एकदा गंमत म्हणून त्याचं नाव बदलून 'बॉस' ठेवलं. दुसऱ्या दिवशी त्याचा प्रिंटर चालेना. त्याने वर फोन केला. काका म्हणाले, "बॉस नावाचं आपल्याकडे कोणी नाही."

"काका, मीच बदललंय ते. टिटवाळाच आहे तो."

"तू म्हणतोस. तो म्हणतो का?"

दोन दिवस तो शेजारच्या मशीनवरून छपाई काढत होता. तिसऱ्या दिवशी त्याने नाव परत टिटवाळा केलं. काकांनी पाच मिनिटांत प्रिंटर लावून दिला आणि जाताना त्या मशीनवर बोटाच्या पेराने हळूच दोनदा टकटक केलं, दारावर करतात तसं. ते नेहमीच तसं करायचे, आत येऊ का विचारल्यासारखं.

नाकाच्या डागाचं असं झालं. एक दिवस मी चहा घेऊन वर गेले तर ते पडद्याला नाक लावून मान तिरकी करत होते, भिंतीच्या फटीतून बघतात तसं. मी कप ठेवला. त्यांनी विचारलं, "कोण?"

मी त्यांच्या समोर उभी होते. "मी."

"खडवली?"

"हो."

त्यांनी कप चाचपून जवळ ओढला. मग म्हणाले, "तो डाग तूच पुसतेस ना रोज?"

"हो."

"कोणाला बोललीस?"

"नाही."

मी कोणालाच काही बोलत नाही, हे त्यांना माहीत असावं. त्यांनी मला सांगितलं. साखरेने डोळ्यांचा मधला भाग गेला होता. कडेकडेचं दिसायचं. मधे राखाडी ठिगळ. ज्याच्याकडे बघावं तेच दिसत नाही. जिन्याच्या पायऱ्या मोजत होते ते, देवाचं नाव नव्हतं. माणसं चपलांच्या आवाजावरून ओळखायचे. हात सवयीने टाइप करायचे, पण पडद्यावर काय आलं ते वाचता येत नव्हतं. आणि हे वाढतच जाणार, असं डॉक्टर म्हणाले होते.

"मालकांना कळलं तर घरी पाठवतील," ते म्हणाले. "त्यांची चूक नाही, मीही पाठवलं असतं. पण घरी बसलो की मी ताईच्या फर्निचरात जमा. सकाळी पुसेल, संध्याकाळी झाकेल. इथे आहे तोवर मला कोणीतरी हाक मारतं."

मी चौथीपर्यंत शिकलेली. पुढची शाळा लांब होती आणि घरात धाकटी भावंडं होती.

त्यांनी पडद्याकडे बोट केलं. "इथे काय लिहिलंय?"

"मला इंग्रजी येत नाही काका."

"अक्षरं दिसतात का?"

"दिसतात."

"मला ती येतात. झालं की मग."

त्या दिवसापासून त्यांनी मला मशीनला नाव विचारायला शिकवलं.

खडवली स्टेशनवर पाटी आहे, सगळ्या स्टेशनांवर असते तशी. मराठी, हिंदी, इंग्रजी. इतकी वर्षं मी त्या पाटीखाली उभी राहायची आणि वाचायची फक्त मराठी. आता खालचं इंग्रजी वरच्या मराठीला जुळवून बघू लागले. ख साठी दोन अक्षरं लागतात हे तिथेच कळलं. उभ्या काठीला दोन तंगड्या, मग शिडीची एक पायरी. टिटवाळ्याचं पहिलं अक्षर छत्रीसारखं. आसनगावचं पहिलं अक्षर तंबूसारखं, आणि तो तंबू त्या नावात तीनदा. येता जाता लागणाऱ्या चार पाट्या मी पाठ केल्या, वाशिंद आणि आसनगावच्या एकदा मुद्दाम पुढे जाऊन. कसाऱ्याला मी आयुष्यात गेले नव्हते. त्याची पाटी काकांनी कागदावर काढून दिली, हाताने, न बघता. अक्षरं एकमेकांवर चढली होती.

मग मशिनांचे प्रकार. चार काळे डबे विंडोजचे. तिथे खाली शोधायच्या जागी तीन अक्षरं टाकायची, सी एम डी. काळी खिडकी उघडते. तिच्यात 'होस्टनेम' हा आठ अक्षरांचा शब्द टाकून एंटर मारायचं. खालच्या ओळीत नाव येतं. मॅकचं वेगळं. डाव्या कोपऱ्यात सफरचंद, त्यात सेटिंग, मग 'जनरल', मग 'अबाउट', तिथे वरच नाव. पण काका म्हणायचे, ते घरात हाक मारायचं नाव. तारेवर ज्या नावाने ओळखतात ते 'शेअरिंग'मध्ये तळाला असतं.

"दोन नावं कशाला?" मी विचारलं.

"तुला नाहीत का? माहेरचं एक, सासरचं एक."

कसारा लिनक्सचा. त्याचा पडदाच काळा. तिथे विचारावंही लागत नाही. ओळीच्या सुरुवातीला, ईमेलच्या पत्त्यात असते त्या गोल शेपटीवाल्या खुणेपुढे, त्याने स्वतःच नाव लिहून ठेवलेलं असतं. "हा न विचारता सांगतो," काका म्हणायचे. "तरी विचारायचं. शिस्त म्हणून." आणि मग त्यांनी मला जे सांगितलं त्याचं मला फार नवल वाटलं. मॅकमध्येही काळी खिडकी असते. लिनक्समध्ये तर असतेच. वरून तिघांची घरं वेगळी, दारं वेगळी, पण काळ्या खिडकीत शिरलं की तिघंही त्या एकाच शब्दाला उत्तर देतात.

तो शब्द मी चित्रासारखा पाठ केला. टाइप करताना डाव्या हातात फडकं धरायची, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं की कीबोर्ड पुसतेय. टायपिंगच्या बाईंनी एकदा पकडलंच. "काय गं, पुसतेस की चिठ्ठी लिहितेस कोणाला?" मी इतकी घाबरले की बादली लवंडली.

दोन वर्षं असं चाललं. वरून इंटरकॉम वाजायचा. "खडवली, खिडकीच्या डावीकडे कोण आहे बघ." मी जायची, विचारायची, फोन उचलायची.

"विचारलंस?"

"हो."

"बोल."

मी नाव सांगायची. ते एवढंच बोलणं. पण माझ्या आयुष्यात दुसऱ्या कोणी माझ्या शब्दावर एवढं काम केलेलं मला आठवत नाही. घरी मी मीठ संपलं म्हटलं तरी नवरा डबा उघडून बघतो.

दसऱ्याला ऑफिसात मशिनांची पूजा असायची. सगळे डबे सोडवून एका मोठ्या टेबलावर मांडायचे, हळदकुंकू, झेंडू. काका कीबोर्डवर कुंकू पडू द्यायचे नाहीत. "त्याच्या तोंडात माती घालू नका," म्हणायचे. त्या वर्षी मी आदल्या दिवशी सगळे डबे धुऊन काढल्यासारखे पुसले. मागच्या चिठ्ठ्या काळ्याकुट्ट झाल्या होत्या. त्या ओल्या करून सोडवल्या, नव्या कागदावर माझ्या अक्षरात नावं लिहिली. माझं मराठी अक्षर चांगलं आहे, शाळेत बाई म्हणायच्या. चिठ्ठ्या खिडकीत वाळत ठेवल्या आणि मग एकेक चिकटवल्या. पाच बरोबर लागल्या. दोन काळे डबे राहिले, अगदी सारखे, एकाच वेळी घेतलेले. वाशिंद कुठला आणि आसनगाव कुठला ते मला आठवेना. वायरी काढलेल्या होत्या, विचारायची सोय नव्हती. अंदाजाने लावल्या. म्हटलं, उद्या वायरी जोडल्या की विचारीन.

उद्या मी विसरले. टायपिंगच्या बाईंनी आपला डबा त्यावरच्या ओरखड्यावरून ओळखून नेला. चिठ्ठी त्यांनी कशाला बघितली असती. दुसरा डबा कोपऱ्यात गेला, कारण तो जुना झाला होता आणि फार हळू चालायचा. त्याचा पडदाही काढून दुसऱ्याला दिला.

दसरा ते दिवाळी तिथे मरणाचं काम असतं. टायपिंगच्या बाई एका दिवाळी अंकाची पानं जुळवत होत्या. सगळं त्यांच्या मशीनवर समोरच ठेवायच्या. कसाऱ्याला जाणाऱ्या कप्प्यात ठेवा म्हणून काका रोज सांगायचे. बाई म्हणायच्या, "अंक संपला की टाकते एकदम."

एक दिवस दुपारी मालक वर डोकावून म्हणाले, "काका, कोपऱ्यातलं जुनं मशीन वर्तकनगरच्या एका शाळेला देतोय. पाचला माणूस न्यायला येईल. आतलं सगळं पुसून टाका." आणि ते गेले. बाईही प्रुफं घेऊन छापखान्यात गेल्या होत्या. त्यांचं मशीन चालूच होतं.

इंटरकॉम वाजला. "खडवली, कोपऱ्यातलं मशीन चालू कर आणि नाव विचार."

मी चालू केलं. पंखा घुमायला लागला. पण पडदा नव्हता. पडदा लावायचा म्हणजे शेजारच्या टेबलाखाली शिरून वायरी काढायच्या, पडदा उचलून आणायचा, परत जोडायच्या, आणि ते जुनं मशीन जागं होईपर्यंत थांबायचं. सकाळपासून मी मोरीची फरशी घासत होते. पाठ धरली होती. पुसलेली लादी अजून ओली होती. मी वाकले आणि मागची चिठ्ठी वाचली. माझंच अक्षर.

फोन उचलून म्हटलं, "वाशिंद."

काकांनी विचारलं, "वाशिंद? ते बाईंकडे नव्हतं का?"

"दसऱ्याला हलवले ना सगळे डबे."

"विचारलंस?"

"हो."

त्यांनी आणखी एकदा विचारलं. असं त्यांनी कधी केलं नव्हतं. "खडवली, विचारलंस ना?"

"हो काका."

अर्ध्या तासाने बाई आल्या. चप्पल काढतानाच त्यांनी पडद्याकडे बघितलं, अंकाचं एकही पान तिथे नव्हतं, आणि मग बसल्याच. ओरडल्या त्या नंतर. आधी बराच वेळ त्या नुसत्या माउस हलवत होत्या.

सगळे खाली जमले. काका जिना उतरून आले, भिंतीला हात लावत. मालक कोणाला तरी फोन करत होते, तो अर्धवट ठेवून आले. "काका, हे कसं झालं? कोपऱ्यातलं सांगितलं होतं मी."

मी दाराशी बादली घेऊन उभी होते. काकांनी मान वळवली. माझ्याकडे नाही, माझ्या बाजूच्या भिंतीकडे, म्हणजे त्यांना मी दिसत असणार. कडेचं त्यांना दिसायचं.

"नाव वाचण्यात चूक झाली," ते म्हणाले.

"अहो, तुमच्याकडून? नावावरून आम्हाला एवढं पिडता तुम्ही. चष्मा तरी बदला."

"चष्म्याने होण्यातलं नाही ते," काका म्हणाले. आणि डोळ्यांचं सगळं सांगितलं, चार वाक्यांत, दुसऱ्या कोणाच्या तरी आजाराबद्दल सांगावं तसं.

टायपिंगच्या बाई रडत होत्या, त्या थांबल्या. मालक वाईट माणूस नव्हते. त्यांनी काकांना खुर्ची दिली, पाणी द्यायला मला सांगितलं. मग हळू आवाजात म्हणाले, "काका, असं किती दिवस? उद्या आणखी काही झालं म्हणजे?"

मी पाणी आणलं. तेव्हाही बोलता आलं असतं. मी मनाशी म्हणत होते, मी बोलले तर काकांचं गुपित फुटेल, झाडूवालीला वाचायला का लावत होते असं विचारतील. पण गुपित तर त्यांनी स्वतःच फोडलं होतं. मग राहिलं काय? माझी नोकरी राहिली. आणि चार माणसांसमोर तोंड उघडणं राहिलं. दोन्हींतलं मला कशाचं जास्त भय वाटलं ते आज सांगता येत नाही.

काकांनी वर जाऊन जेवणाचा डबा आणि छत्री घेतली. उतरताना पायऱ्या मोठ्याने मोजल्या, आता लपवायचं कारण नव्हतं. माझ्याजवळून जाताना म्हणाले, "माझा चहा टाकू नकोस आज."

त्यांच्या जागी नवीन माणूस आला नाही. बाहेरची एक कंपनी लांबूनच सगळं बघू लागली. त्यांनी नावं काढून नंबर दिले. दिवाळी अंक दुसऱ्यांनी केला. मी पाडव्यापर्यंत राहिले, मग सोडलं. आता कल्याणला एका दवाखान्यात झाडू-लादी करते. तिथेही काउंटरवर कॉम्प्युटर आहे. मी त्याच्या वायरींवरची धूळ काढते आणि पडद्याकडे बघत नाही.

या उन्हाळ्यात एका रविवारी मी डोंबिवलीला उतरले. घर माहीत होतं, पूर्वी एकदा त्यांचा विसरलेला डबा पोचवला होता. दार ताईंनी उघडलं. "कोण गं?"

मी नाव सांगायच्या आधी आतून आवाज आला, "खडवली. टाचेला घासते चप्पल."

"ये बाई," ताई म्हणाल्या. "तुझ्याशी तरी बोलेल नीट. माझा जीव खातो दिवसभर. काल म्हटलं कुकरची शिट्टी बघ, तर म्हणे कुठला कुकर. अरे, घरात एकच कुकर आहे."

"एक असला म्हणून काय झालं," काका म्हणाले.

ते खिडकीशी बसले होते. वाळले होते. आता कडेचंही दिसत नसावं, कारण माझ्याकडे त्यांनी मान वळवलीच नाही. ताई आत गेल्या. मी खाली बसले. येताना वाक्यं जुळवली होती, ती सगळी गेली.

"काका, त्या दिवशी मी विचारलं नव्हतं. चिठ्ठी वाचली."

"माहीत आहे."

पंखा फिरत होता. त्याला कुठेतरी तेल हवं होतं.

"बाई ओरडल्या तेव्हाच कळलं," ते म्हणाले. "मशीन खोटं सांगत नाही. टाइप मी बरोबर केलं होतं. मग राहिलं कोण?"

"मी तिथे बोलायला हवं होतं."

"हवं होतं."

त्यांनी ते मऊ केलं नाही. मला वाटलं होतं म्हणतील, जाऊ दे, झालं ते झालं. तसं काही म्हणाले नाहीत. मीच विचारलं, "राग आहे?"

"आहे. चुकलीस त्याचा नाही. मी दोनदा विचारलं होतं."

मी पदराने तोंड पुसलं.

मग ते म्हणाले, "त्या टेबलावर भाचीचा लॅपटॉप आहे. उघड. विंडोजचा आहे. नाव सांग."

"मला आता आठवत नाही काका."

"तीन अक्षरं, मग आठ."

मी लॅपटॉप उघडला. खालची पट्टी बदलली होती, शोधायची जागा मधे सरकली होती. ती सापडायला वेळ लागला. बोटं ओली झाली होती. सी एम डी. काळी खिडकी उघडली. तो आठ अक्षरांचा शब्द मी एकेक अक्षर शोधून टाकला. दोनदा चुकला. कोणी घाई केली नाही. एंटर मारलं. खाली नाव आलं, आणि ते कुठल्याच स्टेशनचं नव्हतं. लांबलचक होतं, मधे आडवी रेघ, पुढे आकडे आणि अक्षरं मिसळलेली. कंपनीने दिलेलं, अजून कोणी बदललं नव्हतं.

"विचारलंस?"

"हो."

"बोल."

मी पडद्यावर बोट ठेवलं. पहिली सात अक्षरं मला पाट्यांवरून येत होती. डोंबिवलीचं पहिलं. ठाण्याचं शेवटचं. शहाडचं पहिलं. कल्याणचं पहिलं. टिटवाळ्याची छत्री. डोंबिवलीतलं गोल. मग कोपरचं मधलं, काठीला वर एक पोट. मग आडवी रेघ. मग चार. मग एक गोल आणि त्याला खाली शेपटी, ते मला येत नव्हतं.

"शेपटी उजवीकडे?"

"उजवीकडे."

"क्यू. पुढे."

मग सात. मग उलटा हुक. मग दोन. मग पोटवालं अक्षर, पण त्याला पुढे एक तंगडी. मग फुली. प्रत्येकाला मी बोट लावत होते, आणि बोट उचललं की तिथे ओला डाग राहत होता. एकाही अक्षराचा मी अंदाज केला नाही. शेवटपर्यंत गेले आणि परत पहिल्यापासून एकदा म्हटलं.

काका ऐकत होते. त्यांचे ओठ माझ्याबरोबर हलत होते, माझ्यापेक्षा जरा आधी. त्यांना ते नाव आधीच पाठ होतं.

"बरोबर," ते म्हणाले.

मी लॅपटॉप मिटला. पदराने वरून पुसला, सवयीने.

"ताई," त्यांनी हाक मारली, "चहा टाक."

आतून ताई म्हणाल्या, "कोणाला?"

"मला," काका म्हणाले. "आणि खडवलीला."